कोनाडा कोणाचा?

मुलगी यंदा बारावीला आहे. सीबीएसईच्या जीवशास्त्राचे पुस्तक उघडून बसली असताना तिने विचारले, "बाबा, 'निश'ला मराठीत काय म्हणतात?" आमच्या आयटीच्या धंद्यात हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. निश मार्केट, निश स्किल. ज्या कामाची माणसे कमी आणि ताशी दर जास्त ते निश, इतकाच आमचा अर्थ. पण मराठी शब्द काही सांगता येईना. म्हणून शब्दकोश काढला, तर मूळ शब्द फ्रेंच निघाला आणि त्याचा साधा अर्थ भिंतीतला कोनाडा!

म्हणजे शब्द घरातच होता. वाई तालुक्यात आमचे आजोळ आहे. तिथल्या जुन्या घराच्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीत असे चार-पाच कोनाडे होते. एकात पणती, एकात आजीचा मिसरीचा डबा, एकात कुलपे आणि किल्ल्या. पणतीच्या कोनाड्याला वर काजळीचा काळा टिळा पडलेला असे. वस्तू उचलून नेल्या तरी कोनाड्याकडे पाहून तिथे काय ठेवत असत ते सांगता यायचे. आता प्रश्न असा की, हा पणतीचा कोनाडा गवंड्याने केला की पणतीने? गवंड्याने तर सगळे सारखेच केले होते.

तुम्ही म्हणाल, हा रिकामपणाचा उद्योग झाला. पण एखाद्या प्राण्याचा निसर्गातला कोनाडा ठरवायचा कसा, यावर शास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ हेच विचारत आले आहेत. आणि त्यातून निघणारा दुसरा प्रश्न आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना चांगलाच चिकटतो. तो मी पुढे मांडणार आहे.

आधी शास्त्र थोडक्यात. १९१७ साली जोसेफ ग्रिनेल या अमेरिकन पक्षितज्ज्ञाने कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर नावाच्या एका पक्ष्यावर लेख लिहिला. झुडपी रान, खाली पडलेला पालापाचोळा, तो उकरायला वाकडी चोच, उडण्यापेक्षा पळून झुडपात घुसायची सवय, हे सगळे मिळून त्या पक्ष्याचा कोनाडा. १९२७ साली इंग्लंडच्या चार्ल्स एल्टनने भर दुसरीकडे दिला. प्राणी कुठे राहतो यापेक्षा तो तिथे काय करतो, कोणाला खातो, कोण त्याला खाते, हे त्याला महत्त्वाचे वाटले. पुढे यूजीन ओडमने हेच सोपे करून सांगितले की, अधिवास म्हणजे पत्ता आणि निश म्हणजे व्यवसाय. मग १९५७ साली एव्हलिन हचिन्सनने गणित आणले. (हे गृहस्थ १९३२ साली येल विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर लडाखची सरोवरे अभ्यासायला भारतात आले होते.) तापमान, क्षार, खाद्याचा आकार, जे जे मोजता येईल त्याचा एकेक अक्ष घ्यायचा. या सगळ्या अक्षांच्या अवकाशात तो जीव जितक्या भागात तग धरू शकतो तो त्याचा मूलभूत कोनाडा. आणि स्पर्धक असताना प्रत्यक्षात त्याला जितका भाग मिळतो तो वास्तवातला कोनाडा. दुसरा बहुधा पहिल्यापेक्षा लहानच.

"मी काय करू शकतो" आणि "मला काय करू दिले जाते" यांतला हा फरक लक्षात ठेवा. सगळी गोम तिथे आहे.

याचे उत्तम उदाहरण बघायला आपल्याला लांब जावे लागत नाही. कुवेत शहरातून जहराकडे जाताना उजव्या हाताला सुलैबिखातची खाडी लागते. ओहोटीच्या वेळी तिथे मैलभर चिखल उघडा पडतो. आपण एसी चालू ठेवून तिथून भुर्रकन निघून जातो आणि तो ओसाड आहे असे समजतो. त्या चिखलात निवट्या असतात. रायगडकडच्या मंडळींना निवटी सांगायला नको. डोक्यावर बेडकासारखे डोळे असलेला, पाण्याबाहेर चिखलात सरपटणारा आणि उड्या मारणारा मासा. इथले लोक त्याला बू शलंबो म्हणतात.

कुवेतच्या चिखलात या निवट्यांच्या तीन जाती आहेत. एकाच खाडीत, एकाच चिखलात, पण तिघींचे कोनाडे वेगळे. एक जात किनाऱ्याकडच्या वरच्या भागात फिरून लहान खेकडे आणि किडे पकडते. दुसरी, अंगाने सडपातळ, खालच्या जास्त ओल्या चिखलात असते. तिसरी, बोलिओफ्थाल्मस, शाकाहारी आहे. चिखलावर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा जो थर चढतो तो ती डोके डावी-उजवीकडे हलवत खरवडून खाते. (मुंबईच्या खाड्यांतही याच वंशातला मासा आहे, म्हणजे आपली भाऊबंदकीच.) गंमत अशी की ही तिसरी जात इथे भिंती बांधते! तोंडात चिखल भरून आणायचा, थुंकायचा आणि आपल्या बिळाभोवती काही सेंटिमीटर उंचीचा बांध घालायचा. जिथे दाटी असते तिथे शेजाऱ्याशेजाऱ्यांचे बांध सामाईक होतात आणि वरून पाहिले तर पाच-सहा बाजूंच्या तुकड्यांची फरसबंदी केल्यासारखा चिखल दिसतो. कुवेत विद्यापीठात काम करणाऱ्या डेव्हिड क्लेटन यांनी १९८० च्या दशकात या भिंतींचा अभ्यास केला. ओहोटीला सगळीकडचे पाणी निघून जाते, पण बांधाच्या आत ते साठून राहते, चिखल ओला राहतो आणि डायटमचे पीक येते. कोकणातल्या खाचरासारखेच हे. भरती आली की बांध मोडतो. मासा तो पुन्हा घालतो.

आता सांगा, या माशाचा कोनाडा आधीपासून तिथे होता का? चिखल होता, ऊन होते, भरती-ओहोटी होती. पण पाणी धरलेले ते खाचर माशाने स्वतः केले. रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाचा आक्षेप नेमका हाच होता की, निसर्गात रिकामे कोनाडे खणून ठेवलेले नसतात आणि जीव त्यांत जाऊन बसत नाहीत. जीव आपली परिस्थिती घडवतही असतात. मला हे पटते. गवंड्याने पोकळी केली, पण काजळीचा टिळा पणतीचा.

पण हे सगळे जीवाच्या हातात असते असेही नाही. मुलीच्या पुस्तकात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा एक प्रयोग दिला आहे. खडकांना सिमेंटने चिकटवल्यासारखे पांढरे कवचाचे बार्नेकल असतात. तिथे त्यांच्या दोन जाती. लहान जात खडकाच्या वरच्या कोरड्या पट्ट्यात राहते, मोठी खालच्या ओल्या पट्ट्यात. बघणारा म्हणेल की लहान जातीला कोरडेच आवडते. जोसेफ कॉनेलने मोठ्या जातीचे बार्नेकल काढून टाकून पाहिले, तर लहान जात खालीही सुखाने वाढली. म्हणजे तिला खाली जगता येत होते. मोठी जात तिच्यावर वाढून, तिला खालून उचकटून जगू देत नव्हती. उलट मोठी जात वर जगू शकत नाही, उन्हाने सुकते. कॉनेलने हे १९६१ साली छापले. हा प्रयोग ग्लासगोजवळच्या कंब्रे बेटावर झाला. मी ग्लासगोला एम.एस्सी. करत असताना त्या बेटावरच्या खडकांवर बसून सँडविच खाल्ले आहे, इतकाच माझा त्या शास्त्राशी संबंध!

त्या लहान बार्नेकलच्या बाबतीत मला एक गोष्ट फार अस्वस्थ करते. नुसते पाहून, कितीही वर्षे पाहून, सत्य कळले नसते. प्रत्येक निरीक्षणाने "हिला वरच राहायला आवडते" यालाच पुष्टी मिळाली असती. मोठ्याला हलवून पाहिले तेव्हा कळले.

नुसत्या पाहण्याने कोनाडा ठरवला की काय होते याचे घरचे उदाहरण म्हणजे आपल्या खानदेशातला रानपिंगळा. १८७३ साली या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन झाले, १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने आपण १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मारल्याचे सांगून नमुना संग्रहालयाला दिला होता. तो नमुनाच चोरीचा होता. १८८० च्या दशकात खानदेशात काम करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांचा नमुना पळवून त्याने त्याला नवी चिठ्ठी लावली होती. खोटी चिठ्ठी म्हणजे खोटा पत्ता, आणि शोधणारे भलत्या जागी शोधत राहिले. ही लबाडी उघडकीला आणण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्या पामेला रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर विसंबून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. ११३ वर्षांनी! मग मेळघाटात, तोरणमाळला सापडला. सागाचे कोरडे पानझडी रान हा त्याचा कोनाडा, असे ठरले. आणि २०१४ साली तो दिसला कुठे, तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात, सह्याद्रीच्या कुशीत. पुन्हा व्याख्या सैल करावी लागली. पक्ष्याने काही नियम मोडला नव्हता, आपणच त्याला जिथे पाहिले तिथे त्याची हद्द आखली होती.

इथवर सगळे ठीक. आता तो दुसरा प्रश्न. हा शब्द माणसांना लावावा का?

लावला गेला आहे, आणि तोही महाराष्ट्रात. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. एकाच मुलखात फिरणारे तीन समाज. फासेपारधी शिकवलेल्या गायीच्या आडोशाने पुढे सरकत आणि फासे लावून काळवीट, तितर धरत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मुंगूस, उदमांजर असे छोटे मांसाहारी प्राणी आणि पाण्यातली कासवे-खेकडे पकडत. तिघांचे सावज वेगळे, म्हणून भांडण कमी. खाडीतल्या तीन निवट्याच जणू! १९८३ साली छापलेल्या शोधनिबंधात त्यांनी हा विचार जातिव्यवस्थेपर्यंत नेला. प्रत्येक जातीने निसर्गातला एकेक कोनाडा धरला, तो पिढ्यान् पिढ्या आपल्याच मुलाबाळांचा राहणार म्हणून साधनसंपत्ती जपून वापरली गेली, असे त्यांचे प्रतिपादन.

मला हा विचार अतिशय बुद्धिमान वाटतो आणि तितकाच धोक्याचा वाटतो. गाडगीळ-मल्होत्रांवर हा आरोप नाही. त्यांचा प्रश्न जंगल आणि सावज टिकले कसे हा होता, आणि त्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. धोका आपल्यासारख्या वाचणाऱ्यांकडून आहे. "प्रत्येकाची आपापली जागा होती, सगळे कसे छान चालले होते" हे वाक्य आपल्या तोंडात फार लवकर येते. कोण कुठल्या पट्ट्यात राहत होता हे पाहून आपण म्हणतो की त्याला तिथेच आवडत होते. बार्नेकलसारखे. वरून कोण बसले होते हे विचारत नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याला आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांचा मुद्दा असा की जात ही नुसती श्रमाची वाटणी नाही, ती श्रमिकांची वाटणी आहे, एकावर एक रचलेल्या बंद कप्प्यांमधली; आणि त्या वाटणीत माणसाच्या कुवतीचा वा आवडीचा विचार कुठेच नाही. हचिन्सनच्या भाषेत सांगायचे तर, वास्तवातल्या कोनाड्यालाच मूलभूत कोनाडा म्हणून जाहीर केले गेले आणि वर धर्माचा शिक्का मारला गेला.

फासेपारध्यांचे पुढे काय झाले पाहा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याच्या यादीत पुढे पारध्यांचे नाव आले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार हाच गुन्हा झाला. मी स्वतः त्या कायद्याच्या बाजूचा आहे, काळवीट वाचलेच पाहिजे. पण कोनाडा बुजवला आणि त्यातल्या माणसाच्या कपाळावरची काजळी तशीच ठेवली, असा हा प्रकार झाला. गावाजवळ पारध्यांचे पाल पडले की आजही लोक आधी पोलिसांना कळवतात. सावज गेले, रान गेले, कायदाही गेला. फक्त "हे लोक असेच" ही व्याख्या उरली.

आता आपल्याकडे वळतो. इथे आपल्या सगळ्यांचा कोनाडा कागदावर लिहिलेला असतो. अठरा नंबर, वीस नंबर, बावीस नंबर. नोकरीवाला, घरकामगार, कुटुंबीय. वर्क परमिटवर पेशा छापलेला. आपण पाहुणे आहोत, यजमानांचे नियम पाळून राहतो आणि बदल्यात बरेच काही मिळवतो, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आपल्याच दिवाणखान्यातल्या बोलण्याबद्दल आहे. ड्रायव्हर कुठल्या राज्यातले, सफाईवाले कुठल्या देशातले, बकाला कोण चालवणार आणि कॉम्प्युटरवर कोण बसणार, याची एक यादी आपल्याला तोंडपाठ असते. नुसती वस्तुस्थिती सांगितली तर हरकत नाही. पण पुढचे वाक्य असते, "त्यांना तेच जमते." ही मुले ऐकत असतात.

या देशाचा स्वतःचा इतिहासही उलटे सांगतो. शंभर वर्षांपूर्वी कुवेतचा कोनाडा मोत्यांचा आणि गलबतांचा होता. इथले व्यापारी मोती घेऊन मुंबईला जात, तिथे घरे करून राहत. इथे भारतीय रुपया चालत होता, थेट १९६१ पर्यंत. मग जपानच्या कृत्रिम मोत्यांनी १९३० च्या दशकात तो धंदा बसवला. एखादी प्राण्याची जात अशा वेळी संपते. पाणबुड्यांचे हे लोक संपले नाहीत. १९३८ साली बुरगानला तेल लागले आणि पुढच्या पिढ्यांनी डॉक्टरकी केली, बँका चालवल्या, विद्यापीठ काढले.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. माणसाबद्दल इतके उदार व्हायचे, तर आपल्या साळुंकीचे काय? कुवेतमध्ये ती आता दिव्याच्या खांबांवर आणि एसीच्या फटींत घरटी करून मजेत आहे. तिला इथे माणसाने आणले, पिंजऱ्यातून सुटली आणि पसरली. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २००० साली काढलेल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत ती आहे. पहाटे तिची कलकल ऐकून मला बरे वाटते, पण बरे वाटणे हा काही युक्तिवाद नव्हे. ती इतर पक्ष्यांच्या ढोली बळकावते हे खरे आहे, आणि एखाद्या देशाने तिला आवरायचे ठरवले तर मी तिची वकिली करणार नाही. साळुंकीला सांगता येत नाही की बाई, ही ढोल दुसऱ्याची आहे. माणसाला सांगता येते, माणूस सरकून बसू शकतो, नवी ढोल करू शकतो. हा फरक जिथे विसरला जातो तिथे "आगंतुक" हा शब्द माणसांना लावला जातो, आणि तो कोणाला लावला जाईल हे आपण परदेशी राहणाऱ्यांनी तरी ओळखले पाहिजे.

आमच्या इमारतीचा हारिस इजिप्तचा आहे. पाण्याच्या बाटल्या वर आणणे, गाड्या धुणे, लिफ्ट बंद पडली की फोन करणे, एवढेच त्याचे काम म्हणून आम्ही त्याला ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याने आमच्या एसींचे ठिबकणारे पाणी नळ्या जोडून एका पिंपात घ्यायला सुरुवात केली. पार्किंगच्या कडेला हातभर रुंदीची मातीची पट्टी होती, तिथे वाफे पाडले, चारी बाजूंनी बांध घातले, आणि थंडी पडल्यावर जरजीर आणि कोथिंबीर लावली. विचारले तेव्हा कळले की त्याची फय्यूमला शेती आहे. अकरा वर्षे तो इथे आहे, आणि हे आमच्या चोवीस बिऱ्हाडांपैकी कोणीही त्याला विचारले नव्हते. गेल्या महिन्यात त्याने सौ.ला विचारले, तुमच्याकडे हिल्बा असते का? आधी उलगडा होईना. मग त्याने फोनवर चित्र दाखवले, तर मेथी! त्यांच्याकडे दाणे उकळून त्याचा चहा पितात. पण त्याला पेरायला हवी होती. सौ.ने फोडणीच्या डब्यातले मूठभर दाणे दिले. चौथ्या दिवशी उगवले.